खालच्या वस्तीची उलटी चावी

दुपारची जेवणं झालीत. ओसरीत बाज टाकलीय, उशाशी कूलर घरघरायलाय, आन् मी डोळे मिटून पडलोय. झोप लागलीय असं काही नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी झोप म्हणजे मुन्सिपाल्टीचं पाणी. येतंय येतंय म्हणेपर्यंत नळ फुसफुसतो आन् बंद.

हे मी उगं बोलत नाही. मी धोंडिबा काटकर, चौतीस वर्षं ह्याच शहरात वालमन होतो. शाळा चौथीपर्यंत, तीबी मास्तरच्या मेहेरबानीनं. पण रस्त्याखाली कुठला पाईप कुठं वळतो ते सगळं माझ्या मनगटात आहे. वाल म्हणजे पाण्याचं दार. रस्त्यात खड्डा असतो, त्याला चेंबर म्हणतात, वर लोखंडी झाकण. झाकण काढायचं, छातीएवढी लांब चावी आत घालायची आन् पिळायची. एका पुऱ्या फेऱ्याला आम्ही आटा म्हणतो. तुमच्या गल्लीला पाणी येतं ते कुणीतरी चावी पिळतो म्हणून येतं. देव नाही सोडत.

आज संध्याकाळी पाचला मला खालच्या वस्तीत जायचंय. तिथं पाणपोई चालू व्हायलीय, लिंबाजी साळवेच्या नावानं. पाटी रंगवून तयार आहे: कालकथित लिंबाजी साळवे. हा लिंबाजी माझा जोडीदार होता कामावरचा. बेचाळीस वर्षांखाली दंगलीत जळून मेला.

आमचं शहर नाल्यानं कापलेलं आहे. अल्याड पेठ, आम्हा वरच्या जातींची. पल्याड खालची वस्ती, जयभीमवाल्यांची. त्या वर्षी जयंतीची मिरवणूक पहिल्यांदा पेठेतनं न्यायचं ठरलं. पेठ म्हणाली, नाही. दगड पडले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेठेतली माणसं पूल उतरून गेली आन् वस्ती पेटवून आली. कोण माणसं? आमचीच. नावं मोजाय बसलो तर पहिलं बोट माझ्या थोरल्या भावावर पडंल.

त्या दुपारी तीन माणसं गेली. लिंबाजी, त्याची म्हातारी आई, आन् शेजारचा एक जण. वस्तीतले काही जुने लोक अजून लिंबाजीला बोल लावतात. म्हणतात, तो नाल्याकडनं पळत आला 'पाणी आलं, पाणी आलं' करत. त्याच्या भरवशावर आम्ही पळायचं सोडून नळाला भांडी लावून उभं राहिलो. आन् पाणी आलंच नाही.

पाणपोईला त्याचं नाव नको म्हणून भांडण झालं. लिंबाजीची पोरगी चंदा सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. बाप गेला तवा सहा वर्षांची होती, आता केस पिकलेत. ती एकटी सगळ्यांशी भांडली, आन् परवा माझ्याकडं आली.

"काका, तुम्ही दोन शब्द बोला. लोकं तुमचं ऐकतील, तुम्ही डोळ्यानं बघितलंय."

"काय बोलू?"

"एवढंच, की बाबा खोटं ओरडला नव्हता. त्यानं पाणी मागितलं, तुम्ही चावी फिरवली, ते बघूनच तो पळाला. उलटा वाल होता, घाईत तुमचा हात चुकला. त्यात तुमचाबी दोष नाही, त्याचाबी नाही. बस."

"बस," मी म्हणलो.

हे आहे आजचं. पाच वाजता उठायचं, पहिला नळ सोडायचा आन् बस म्हणायचं. कूलरच्या जाळीतनं पाणी ठिबकतंय. टप, टप. मी मोजायलोय. मोजता मोजता त्या ठिबकण्याचं अंतर वाढतं, आवाज जाड होतो, पाईपात लांबवर पाणी ढकललं जातं तवा येतो तसा.

बाजेची पायगत खाली दबते. कुणीतरी बसलंय.

"सरक की जरा. सगळी बाज काय तुझ्या बापाची?"

मी पाय आखडतो. डोळे उघडायची भीती वाटत नाही, हे मलाच नवल वाटतं. लिंबाजी बसलाय. बत्तीस वर्षांचा, तोच खाकी सदरा, वरचं बटन तुटलेलं. खांद्यावर घोंगडी.

"किती म्हातारा झालास रं धोंड्या. आता मला तुला काका म्हणावं लागंल."

"तू नाही झालास."

"मला कोण होऊ देतंय." तो हसतो. दात तसेच, बिडीनं पिवळे. "उठ. पाणी सोडायची वेळ झाली."

"मी रिटायर झालो, लिंबा. चौदा वर्षं झाली."

"पाणी रिटायर होतंय व्हय?"

तो बाजेखाली हात घालतो आन् झाकण उचलतो. आमच्या ओसरीत, बाजेखाली, चेंबर आहे. मी म्हणतो, इतकी वर्षं ह्याच्यावर झोपलो, कळलं कसं नाही. लिंबाजी आत उतरतो. मी त्याच्या मागं. खाली चिखल पाहिजे होता, तर फरशी लागते. आमच्या स्वयंपाकघराची फरशी. आन् स्वयंपाकघरातनं पेठेचा रस्ता गेलाय सरळ. दोन्ही बाजूला चुली पेटलेल्या, त्यांच्या मागं दारं, दारादारात बाया भांडी घेऊन उभ्या. चेहरे दिसत नाहीत, पदर दिसतात. सकाळचे सहा वाजलेत आन् ऊन मात्र दुपारचं आहे.

लिंबाजी झाकण काढतो आन् चार पावलं मागं सरकून उभा राहतो.

इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे. आम्ही दोघं एका हुद्द्याचे, एका पगाराचे. पण पेठेत चावीला हात लावायचा तो मी. लिंबाजीनं नुस्तं झाकण काढायचं, चेंबरातला गाळ उपसायचा. त्याच्या हातानं चावी फिरली तर ते पाणी पेठेच्या देवघरात चालायचं नाही. नाला ओलांडला की मग चावी त्याच्याकडं. आन् दुसऱ्या दिवशी पेठेत काम चालू करायच्या आधी मी त्या चावीवर तांब्याभर पाणी ओतायचो, सगळ्यांच्या देखत. कुठल्या कायद्यात नव्हतं, सायबानं सांगितलेलं नव्हतं. माझ्या आधीचा वालमन ओतायचा म्हणून मी ओतायचो. लिंबाजी तेवढ्या वेळात तोंड फिरवून बिडी पेटवायचा. तीच त्याची बिडी पेटवायची वेळ. तेवढी ओढू द्यायचो, एवढी माझी मेहेरबानी.

"चावी धू," लिंबाजी म्हणतो. पेठेत तो मला धोंड्या म्हणायचा नाही. "धुवा, धोंडिबाराव. लोकं खोळंबलीत."

माझ्या हातात तांब्या आहे. मी ओततो. तांब्यातनं पाणी पडतंय, पडतंय, संपत नाही.

"पुरे की," मी म्हणतो.

"मला काय सांगतुस? ओतणारा तू." तो खाली बघून बोलतोय. "धोंडिबाराव, एक इचारू? चावी लोखंडाची. वाल बिडाचा. पुढं पन्नास फूट पाईप. एवढ्यातनं जाऊन ह्या बाईच्या घागरीत पडल्यावर पाण्याला कसं कळतं मी साळवे म्हणून?"

मी तांब्या उभा धरतो, तरी पाणी पडतंच.

"लई शिकलेलं पाणी हाय तुमचं. आमच्याकडलं अडाणी. कुणाच्याबी घशात जातं."

हे तो जित्तेपणीबी म्हणायचा. तवा मी खो खो हसायचो. आमची दोस्तीच तशी होती, असं मी लोकांना सांगत आलोय. आता हसू येत नाही. मी बघतो तर पदराआडच्या बायाबी हसायल्यात, आन् तो एकटाच हसत नाही. तवाबी तो हसत नव्हता का काय? आठवायला बघतो, त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो माझाच हसण्याचा आवाज.

"चल," तो म्हणतो, "सायब वाट बघतोय."

पेठेच्या टोकाला नाला पाहिजे, तिथं टेबल आहे. चौकशीचा सायब बसलाय, पंखा फिरतोय, कागद उडू नये म्हणून सायबानं त्यावर कांदा ठेवलाय. ही खोली मला पाठ आहे. ती दंगलीनंतरची. मी हात जोडून उभा राहतो. तोंड आपोआप उघडतं.

"सायब, शहरातले सगळे वाल डावीकडं फिरवले की उघडतात, उजवीकडं बंद होतात. खालच्या वस्तीचा एक वाल तेवढा जुना आहे, निजामाच्या वेळचा. तो उलटा. उजवीकडं उघडतो, डावीकडं बंद होतो. त्या दिवशी दंगलीची गडबड, धूर, लिंबाजी नाल्यापल्याडनं ओरडायलाय पाणी सोड म्हणून. घाईत मी सवयीनं डावीकडं फिरवली. हात चुकला, सायब."

सायब लिहितो. सायबानं तवाबी असंच लिहिलं. लिंबाजीची बायको खोलीच्या कोपऱ्यात उभी होती, कडेवर चंदा. तीच पुढं झाली आन् म्हणाली, धोंडूभाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, घाबरलं की माणसाचा हात चुकतोच. माझ्यासाठी ती सायबाच्या पाया पडली, ह्यांची नोकरी घालवू नका म्हणून. मी पडू दिलं.

आता कोपऱ्यात ती नाही. साक्षीदाराच्या बाकावर लिंबाजी बसलाय, शाळेतल्या पोरावाणी हात वर केलेला.

"सायब, माझं एक लिहून घ्या. चूक माझी हाय."

"तुझी कशी?" मी म्हणतो.

"उलट्या वालाचं मीच तुला शिकवलं. आठवतंय? नवीन लागलास तवा चारदा चुकलास. मग पेठ उठायच्या आत, तुझे डोळे मिटवून, मनगट धरून मी फिरवून घेतलं, आठ दिवस." तो सायबाकडं बघतोय, माझ्याकडं नाही. "माझं शिकवणं कच्चं राहिलं असंल. त्याबिगर धोंड्याचा हात चुकायचा नाही. तिथं पडल्या पडल्या मी तेच धरून बसलोय बघा. धोंड्याला शिकवायला आपण कमी पडलो आन् आपल्यापायी वस्ती नळाला उभी राहिली."

"तसं नाही लिंबा," मी म्हणतो.

"मग कसं?"

मी सायबाकडं बघतो. सायबाच्या खुर्चीवर कुणी नाही. कांदा आहे. पंखा आहे. कागदावर माझा अंगठा नाही, सही आहे. चौथीत शिकलेली, काना मात्रा चुकलेली.

"मग कसं रं, धोंड्या?"

टेबल राहत नाही. नाला आहे. मी पुलाच्या अलीकडं पेठेच्या कडेला उभा आहे, पायाशी झाकण उघडलेलं, हातात चावी. वस्तीचं पाणी सोडायचा वाल पेठेच्या हद्दीत होता, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कुणी बसवला तिथं, का बसवला, ते ज्यानं बसवला त्याला ठाऊक. समोर वस्ती जळतीय. धूर वर जात नाही, आडवा येतोय, नाल्यावरनं, माझ्या गुडघ्याएवढा. त्यात बैलं बसल्यावाणी काळे ठिपके दिसतात, ती घरं आहेत.

माझ्या मागं ओट्यांवर पेठ बसलीय. मारायला उठलेलं नाही कुणी. बसलीय. जे जाळून आलेत ते हात-पाय धुऊन बसलेत. माझा थोरला भाऊ पान लावायलाय.

पल्याडनं लिंबाजी ओरडतो. त्याला अलीकडं येता येत नाही, आला तर उचलून आगीत टाकतील. "धोंड्या! पाणी सोड! नळाला करंगळीएवढी धार हाय, पुरा सोड!"

मी दादाकडं बघतो.

दादा म्हणतो, "तुझं काम तू कर बाबा. आम्ही काय बोलणार?"

एवढंच. ह्याच्यापुढं एक शब्द नाही. कुणी मला धमकी दिली असती, गळ्याला सुरी लावली असती, तर आज मी त्या सुरीच्या नावानं तुमच्यापुढं रडलो असतो. कुणीच काही केलं नाही. नुस्तं बघायलेत सगळे, मी काय करतो ते. आन् मला वाटतं, हे संध्याकाळी मला हाक मारतील का? उद्या ओट्यावर बसू देतील का? लेकीच्या बारशाला येतील का? एका ओट्यासाठी, तुम्हाला सांगतो. बारशाच्या जेवणासाठी.

मी चावी आत घालतो. लिंबाजी ते बघतो. त्याला एवढंच दिसतं की माझे खांदे फिरायलेत. तो वळतो आन् पळत सुटतो, "पाणी आलं! पाणी आलं रं!"

मी म्हणतो, थांब. आवाज निघत नाही. आन् मग तो परत येतो. त्या दिवशी नाही आला, आता येतो. धुरातनं चालत, सावकाश, नाला कोरडा असल्यावाणी उतरून वर चढतो आन् माझ्यासमोर उकिडवा बसतो, चेंबरच्या पल्याडच्या काठावर. आठ दिवस शिकवताना बसायचा तसा.

"फिरव," तो म्हणतो.

"नको, लिंबा."

"फिरव. चुकतंय कुठं ते बघू. डोळे मीट."

तो माझं मनगट धरतो. हात गार आहे, सकाळच्या पाईपावाणी. मी डोळे मिटतो. माझा हात चालतो. तो चालवत नाही, मीच चालवतो, डावीकडं. एक आटा. दुसरा. टणकन चावी अडते.

"किती झाले?"

"दोन."

"आन् हा वाल उघडायला किती लागतात?"

मी डोळे उघडत नाही.

"धोंड्या. उघडायला किती?"

"अकरा."

"आधीच दोन आटे उघडा होता. म्हणजे पुरा उघडायला अजून किती?"

"नऊ."

"नऊ फिरले असते. फिरले किती?"

"दोन."

"दोन आट्यात अडली म्हणजे काय झालं?"

चौकशीच्या सायबाला आटे ठाऊक नव्हते. त्यानं कधी विचारलंच नाही. कुणीच विचारलं नाही, बेचाळीस वर्षं. चंदाच्या आईला काय ठाऊक, चंदाला काय ठाऊक. ह्या शहरात दोनच माणसांना तो वाल मनगटानं ठाऊक होता, आन् त्यातला एक नळाखाली वाट बघत होता.

"बंद झाला," मी म्हणतो. "दोन आट्यात वाल बंद झाला. हाताला कळलं मला."

"कवा कळलं?"

"तवाच."

"अडल्यावर कळलं?"

खोटं बोलायला एवढीच फट राहिलीय. तो ती माझ्यासाठी उघडी ठेवतोय असं मला वाटतं. मी तिच्यातनं जाऊ शकतो. अडल्यावर कळलं, म्हणायचं. मग घाबरलो, म्हणायचं. तेबी अर्धं माफ होईल.

"नाही," मी म्हणतो. "चावी घालतानाच ठाऊक होतं. डावीकडं म्हणजे बंद, हे मला ठाऊक होतं लिंबा. तू चांगलं शिकवलं होतंस. पेठेला दिसावं म्हणून मी केलं. आन् उद्या कुणी विचारलं तर हात चुकला म्हणता येईल, हेबी तिथंच, त्याच वेळी, डोक्यात आलं माझ्या. वाल उलटा होता म्हणून मी वाचलो. अडल्यावर परत अकरा आटे फिरवायला मिनिटभर लागलं असतं. मी एक बिडी संपंल एवढा वेळ चावी धरून उभा राहिलो. दादानं विचारलं, झालं का तुझं? मी म्हणलो, झालं."

मनगटावरचा हात सुटतो.

मी डोळे उघडतो. लिंबाजीनं खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतलीय. चाचपून बघतोय. कोरडी आहे.

"नळ फुसफुसला," तो म्हणतो. "आधी वाटलं हवा अडकली, आता येईल. पाईपात हवा असली की तसं होतंय, तुला ठाऊक हाय. मी घोंगडी खाली धरून उभा राहिलो. आई आतनं हाका मारायली. भिजली की पांघरून आत शिरू, तिला उचलू. सगळ्यांना म्हणलो, थांबा, धोंड्यानं सोडलंय. माझ्या डोळ्यानं बघितलंय." तो घोंगडीची घडी घालतो. "मग उलटं वारं ओढल्यावाणी नळानं आत ओढून घेतलं. तवा कळलं. आन् तवाबी मी काय म्हणलो असंन? म्हणलो, चुकला गडी."

"लिंबा, मला शिव्या दे."

"देतो की. वेळ हाय." तो उठतो. "पण एक सांग. हे मला काहून सांगितलंस? मी तर मेलो. मला सांगून मेलेल्या माणसाचं मन हलकं होतंय, का जित्त्याचं?"

"तुझं नाव वस्तीत..."

"वस्तीला सांग मग. मी ओरडलो ते खोटं ओरडलो नाही, आन् बघण्यातबी चुकलो नाही. मी माणसावर भरवसा टाकला. माझ्या पोरीनं जन्मभर ऐकलंय, तुझ्या बापानं लोकं मारली. तू काय बोलणार होतास आज? हात चुकला? परत?"

मी बघतो तर आम्ही माझ्या ओसरीत आहोत. चेंबरचं झाकण लागलंय. बाजेवर मी झोपलोय, म्हातारा, तोंड उघडं, पांढरे खुंट गालावर, आन् मी उभा राहून मला बघायलोय. लिंबाजी बघायलाय. आमच्या शेजारी अजून कुणीतरी श्वास घ्यायलंय, जवळ, बाईमाणसाचा श्वास. मी मान वळवतो आन् दिसत नाही.

"लई मोठ्यानं बोलतुस रं झोपंत," लिंबाजी म्हणतो.

कूलर बंद पडतो. लाईट गेली असंल. त्या शांततेनं मला जाग येते.

ओसरीत कुणी नाही. बाजेजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढलेली आहे, अगदी उशाला लागून. ती मी झोपताना भिंतीशी होती. सुनंदा, माझी सून, दाराच्या चौकटीत उभी आहे. हातात काम नाही. नुस्ती उभी आहे.

"किती वाजले?"

"साडेचार." मग म्हणते, "चंदाताई येऊन गेल्या, मामा. तुम्हाला न्यायला आल्या होत्या, रिक्षा घेऊन."

"मग उठवलं नाहीस?"

"त्या म्हणाल्या, झोपू द्या, मी बसते. बसल्या इथं. तुम्ही बोलायला लागला होतात." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळतीय. "मी म्हणलं उठवू का. त्यांनी हातानं नको म्हणलं. शेवटपर्यंत बसल्या."

मला विचारायचंय, शेवट म्हणजे कुठपर्यंत. विचारत नाही.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या नाहीत. उठल्या आन् म्हणाल्या, काकांना सांगा, नळ सोडायला दुसरं कुणीतरी बघते मी. पण त्यांनी यायचं. आता बोलले तसंच तिथं माईकवर बोलायचं. एक शब्द कमी नाही."

खुर्चीवर स्टीलचा पेला आहे. मी उठून बसतो तवा तो मला नीट दिसतो. काठोकाठ भरलेला. फ्रीजचं पाणी असावं, बाहेरनं घाम सुटलाय पेल्याला, आन् त्या घामात चार बोटं आन् एक अंगठा स्वच्छ उमटलाय. धरून, उचलून, परत ठेवलेला.

"तिला पाणी दिलं होतंस?"

"आल्या आल्या त्यांनीच मागितलं. उन्हातनं आल्या होत्या, घसा कोरडा पडला म्हणाल्या." सुनंदा पेल्याकडं बघते. "हातात घेतला, तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात."

मी पेल्याला हात लावत नाही. सुनंदाला म्हणतो, "इकडं ये पोरी. तुला सांगतो, काय झालं होतं ते."

"ऐकलं मी मामा," ती म्हणते. "चपला घाला. मी रिक्षा बघते."

ती माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरते.